वेणूबाईंचं स्वयंपाकघर चौकात

दशरथ भोयरला इमारतीचे फोटो काढायला बोलवायचं म्हणजे आधी सही करावी लागे. मग चहा आणि त्यानंतर कॅमेरा. त्याचा एक पानी कागद असायचा: जागा कुठली, फोटो कुठे छापणार, किती वर्षं वापरणार, आणि शेवटी ठळक अक्षरांत, फोटोचे हक्क फोटो काढणाऱ्याकडे राहतील आणि जिथे छापाल तिथे त्याचं नाव घालाल. लोक तो कागद वाचून आधी हसत, मग चिडत, आणि शेवटी मुकाट सही करत. करतील काय बापडे? तसे फोटो दुसरं कोणी काढत नव्हतं.

आता अशा माणसाची टर उडवणार नाही ते पुणं कसलं! कसबा पेठेत त्याच्या दुकानासमोर राहणारे एक निवृत्त मास्तर रोज सकाळी दूध घेऊन जाताना थांबत आणि विचारत, "भोयर, तुम्ही काढलेला माझा पासपोर्ट फोटो मी आरशात बघितला तर चालेल ना? की त्यालाही परवानगी?" दशरथ लेन्स पुसता पुसता, मानही वर न करता म्हणे, "पासपोर्टचा तुमचाच आहे मास्तर. तो कोणी चोरणार नाही, निर्धास्त राहा."

हा मूळचा यवतमाळकडचा, आर्णीचा. देशाचे दरवाजे उघडले म्हणतात त्याच सुमारास हा पुण्याचं दार उघडून आत आला, भोसरीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला, आणि कंत्राट संपल्यावर कसब्यातल्या श्यामसुंदर नावाच्या फोटोग्राफरकडे लग्नांचे फोटो काढायला राहिला. कॅमेरा हातात आला आणि गडी सुटलाच. पण डोळा मात्र भलतीकडे! कार्यालयात नवरा-नवरी स्टेजवर ताटकळलेले, आणि हा जिन्याच्या कठड्यावर पडलेलं ऊन बघत उभा. श्यामसुंदर खेकसायचे, "अरे नवरी इकडं आहे! त्या जिन्याला काय मुंडावळ्या बांधल्यात का?"

पण खरं सांगायचं तर श्यामसुंदरनीच त्याला त्या वाटेला लावलं. एका पतसंस्थेच्या कॅलेंडरसाठी नदीकाठच्या एका जुन्या दगडी इमारतीचा फोटो हवा होता, तो काढायला त्यांनी दशरथला पाठवलं. दशरथनं तो असा काढला की दगड न् दगड बोलायला लागला. कॅलेंडर छापून आलं तेव्हा फोटोखाली छापखान्याचं नाव! हा तणतणत पतसंस्थेत गेला. तिथला माणूस म्हणाला, "पैसे मिळाले ना तुम्हाला? मग?" हा तसाच परत आला. दुकानात फोटो काढायला आलेल्या एका वकिलांनी त्याला सरळ सांगितलं, की काम पैसे घेऊन दुसऱ्यासाठी केलं आणि आधी काही ठरवलं नाही, तर मालक तो दुसरा. म्हणून आधी ठरवायचं, आणि ठरवलेलं लिहून घ्यायचं. त्या दिवसापासून दशरथचा कागद सुरू झाला. तो त्याला इतका लागला होता, बघा.

पुढे पुणं बदललं. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, कल्याणीनगरात फ्लॅट झाले, परदेशातून परत आलेले आर्किटेक्ट लॅपटॉप उघडून 'पोर्टफोलिओ' म्हणायला लागले. सगळ्यांना फोटो पाहिजेत. दशरथनं श्यामसुंदरांच्याच दुकानावरची माडी घेतली, डिजिटल कॅमेरा घेतला. बायको नम्रता फोन आणि सीड्या सांभाळायची, आणि कागदावर सही नसली तर सीडी कपाटाबाहेर काढायची नाही. नवऱ्यापेक्षा तीच जास्त कडक, असं गिऱ्हाईकं म्हणत. दशरथला ते ऐकून मनातून फार बरं वाटायचं.

तर अशात एक दिवस श्रीनिवास आला. श्रीनिवास आर्किटेक्ट. मनानं चांगला, हातानं सढळ आणि डोक्यानं विसराळू. धानोरीत त्यानं वेणूबाई म्हणून एका बाईंचं घर बांधलं होतं. गाव महापालिकेत गेलं, बरीचशी जमीन विकली गेली, राहिलेल्या तुकड्यावर वेणूबाईंनी घर उठवलं, आणि ते कसं पाहिजे हे श्रीनिवासला स्वतः समजावून सांगितलं. चुलीपाशी उभं राहिल्यावर एका नजरेत देव दिसला पाहिजे आणि दुसऱ्या नजरेत शेळ्या दिसल्या पाहिजेत, एवढीच त्यांची अट होती. श्रीनिवासनं ती पाळली आणि घर सुरेख झालं.

दशरथ फोटो काढायला गेला, श्रीनिवासची सही घेऊनच. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिथेच खिळला. काळ्या कडाप्प्याचा लांब ओटा, त्याच्या टोकाला भिंतीत कोरलेलं देवघर, त्यात खंडोबाचा आणि जानाईचा चांदीचा टाक, आणि पूर्वेच्या जाळीतून येणारं सकाळचं ऊन ओट्यावरून सरकत सरकत नेमकं त्या टाकांवर जाऊन थांबायचं. ते थांबायचं क्षणभरच. पहिल्या दिवशी ढग आले. दुसऱ्या दिवशी वेणूबाईंची सून मध्येच कुकर घेऊन आली. तिसऱ्या सकाळी ऊन आलं, टाक पेटल्यासारखे झाले, आणि दशरथनं श्वास रोखून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तेव्हा त्याला वाटलं, झालं आपलं, आता यापुढे काही नाही काढलं तरी चालेल.

वेणूबाई तोवर मागे दारात बसून सगळं बघत होत्या. सत्तरीच्या घरातल्या, काटक, आणि जिभेला धार. "तीन दीस माज्या चुलीपुढं ऊन राखत बसलास. जेवलास का तरी?" त्यांनी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. तो जेवत असताना विचारलं, "ह्या फोटूचं करणार काय तू?"

"श्रीनिवाससाहेबांच्या अल्बममध्ये लागेल. एका मासिकात येईल."

"आन् आजून कुटं?"

"कुठंच नाही."

"माज्या देवाचा फोटू हाय. कुटं बी भिताडाला लावशील."

दशरथनं हात धुतले आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्हाला विचारल्याशिवाय हा फोटो कुठंही लागणार नाही. माझा शब्द." आणि बघा, इथेच चुकलं. सगळ्या पुण्याकडून सही घेणाऱ्या माणसानं शब्द दिला तो वेणूबाईंना, आणि सही घेतली ती श्रीनिवासची. त्या कागदावर वेणूबाईंचं नावच नव्हतं. वर सवयीनं मोठ्या आकारातले फोटो सीडीत भरून श्रीनिवासला दिले, ते पाहिजे तेवढे मोठे करून छापता येतील असे.

पुढचा उन्हाळा लागला. दशरथ स्कूटरवरून आळंदी रस्त्यानं कामाला निघाला होता. विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नलला थांबला, सहज वर बघितलं आणि स्कूटर बंदच पडली. पाठीमागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून बोंबलत होते, पण ह्याला ऐकू येईल तर ना! समोर दुमजली घराएवढा फ्लेक्स. फ्लेक्सवर वेणूबाईंचं स्वयंपाकघर. तोच ओटा, तीच जाळी, तेच ऊन. वर लिहिलेलं, 'आयटी युगातील स्वप्नांचे किचन! बुकिंग सुरू.' आणि देवघराच्या जागी मायक्रोवेव्ह. खंडोबा नाही, जानाई नाही. त्याचं ते सकाळचं ऊन, जे त्यानं तीन दिवस राखलं होतं, ते त्या मायक्रोवेव्हच्या काचेवर पडलं होतं.

त्याचे कान तापले. फोटो चोरीला गेला ही एक गोष्ट, तिची त्याला सवय होती. पण आपण शब्द दिला होता, आणि तो शब्द इथे चौकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, खोटा होऊन लटकतोय! स्कूटर तशीच ढकलत बाजूला घेतली, पुन्हा किक मारली आणि थेट धानोरी गाठली.

वेणूबाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांना कळलं होतं. भाजी आणायला म्हणून चौकात गेल्या होत्या आणि भाजी न घेताच परत आल्या होत्या. त्यांनी फाटक उघडलं नाही.

"किती घेतलंस रं?"

"आजी, मी एक पैसाही..."

"माजा खंडोबा काढला आन् तितं डबा ठिवला. कसला डबा हाय त्यो? माजी जमीन गेली तवा मी रडले न्हाय. इकली हुती, पैकं घेतलं हुतं. ह्ये मी कुनाला इकलं हुतं रं?"

दशरथनं फाटक दोन्ही हातांनी धरलं. म्हणाला, "तो फ्लेक्स खाली येईल. नाही आला तर माझं तोंड बघू नका."

"बघनारच न्हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

श्रीनिवासच्या ऑफिसात पोचेपर्यंत दशरथचा पारा चढलेला होता. श्रीनिवास मात्र आपल्याच नादात. "अरे, हिंमतराव आले होते इथे. बिबवेवाडीचे बिल्डर. त्यांना घर आवडलं म्हणून सीडी बघायला दिली. फोटोच तर आहेत, दशरथ!" मग दशरथचा चेहरा बघितला आणि त्याचा आवाज उतरला. "चुकलं रे. खरंच चुकलं. मी येऊ का तुझ्याबरोबर?" दशरथ म्हणाला, "सीडी बघायला दिली. उद्या तुमच्या घराची किल्ली बघायला द्या कोणाला तरी." पण त्याला बरोबर घेतलं नाही. हा त्याचा स्वतःचा शब्द होता, तो त्यालाच सोडवायचा होता.

घरी नम्रतानं सगळं ऐकून घेतलं. हिंमतराव म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. विश्रांतवाडीपासून बिबवेवाडीपर्यंत त्यांच्या स्कीमा चालू होत्या, आणि महिन्याभरापूर्वीच त्यांच्या माणसानं फोन करून विचारलं होतं, की पुढच्या सगळ्या इमारतींचं काम दशरथ घेईल का. नम्रतानं ते काम धरूनच पुढची स्वप्नं रचली होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, जा. पण ओरडू नका. तुम्ही ओरडलात की समोरच्याला बरं होतं, त्याला मूळ मुद्द्याचं उत्तर द्यावं लागत नाही."

हिंमतरावांचं ऑफिस गार, खुर्च्या मऊ, आणि हिंमतराव स्वतः मोठे दिलखुलास. दशरथचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकलं. "भोयर, फोटो तुमचा आहे हे मला माहीतच नव्हतं. कबूल. ती देवघराची भानगड आमच्या जाहिरातवाल्यानं केली. फ्लॅट घेणारे आयटीतले, हरतऱ्हेचे लोक येतात, देव कोणाचा दाखवायचा? म्हणून म्हटलं, मायक्रोवेव्ह. सगळ्यांचा असतो." आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. "आता असं करा. तुमचा तो कागद असतो ना, तो काढा. आत्ता सही करतो. फोटो मला द्या, आकडा तुम्ही सांगा. आणि वर्षाचं सगळं काम तुमचंच, ते तर ठरलेलंच आहे."

जन्मभर ज्यासाठी झगडला ते समोर येऊन बसलं होतं. एवढा मोठा बिल्डर स्वतःहून सही करायला तयार! कागद पिशवीत होता, पेन खिशात. हक्कही त्याचाच, कायद्यानं पुरता त्याचाच. सही घेतली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. दशरथचा हात पिशवीकडे गेलाही. आणि मग तो म्हणाला, "शेठ, फोटो माझा आहे, पण घर माझं नाही. वेणूबाईंनी हो म्हटलं तर देतो. त्या नाही म्हणाल्या तर काढून घ्यायचा."

हिंमतरावांना गंमत वाटली. "म्हातारीला विचारायचंय? चला, आत्ताच जाऊ. अहो, अशा म्हाताऱ्यांशी बोलत बोलतच तर मी एवढा झालो!"

आणि खरोखर गाडी काढली. धानोरीला पोचले, तेव्हा वेणूबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. हिंमतरावांनी वाकून नमस्कार केला, आई म्हणाले, घराचं तोंड भरून कौतुक केलं, देवाला जे काही करायचं असेल ते करतो म्हणाले. बाई पाला टाकत राहिल्या. ते बोलून दमले तेव्हा वेणूबाईंनी दशरथकडे बघितलं.

"ह्येनं काय सांगितलं तुमाला?"

"म्हणाला, फोटो त्याचा आहे, पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय देणार नाही."

वेणूबाईंच्या हातातला पाला हातातच राहिला. तो त्यांनी खाली टाकला. मग पदरानं हात पुसून म्हणाल्या, "मंग लावा. पर देवासकट लावा. आन् खाली मोट्या अक्षरात ल्हिवा, ह्ये सैपाकघर धानोरीच्या वेणूबाईचं हाय. ह्या इमारतीत आसं मिळनार न्हाय." दशरथकडे वळून म्हणाल्या, "ल्हिव तुज्या कागदावर."

तिघं घरात गेले आणि दशरथनं लिहिलं. ओट्यावर कागद ठेवून, एक शब्द इकडचा तिकडे न करता लिहिलं, आणि पेन हिंमतरावांपुढे धरलं. हिंमतरावांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "अहो, मग ती जाहिरात कसली?"

"त्ये तुमचं तुमी बगा," वेणूबाई म्हणाल्या. "खोटं न्हाय ना त्यात काय?"

हिंमतराव कागद ओट्यावर ठेवून निघाले. जाताना दशरथला एवढंच म्हणाले, "भोयर, धंदा कळत नाही तुम्हाला." पण फोटो त्यांचा नव्हता, आणि आता ते त्यांनाही ठाऊक होतं. फ्लेक्स उतरवायचा निरोप संध्याकाळच्या आत गेला. वर्षाचं काम अर्थातच दुसऱ्या कोणाला मिळालं. नम्रतानं ते ऐकलं, एक उसासा टाकला, आणि त्या रात्री पुरणपोळी केली. सणवार काही नव्हता. दशरथनं विचारलं तर म्हणाली, "जेवा गुपचूप."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात दोन माणसं फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होती. दशरथ बघायला गेला होता. त्याला वाटलं होतं आपण एकटेच असू. तर रसवंतीच्या सावलीला वेणूबाई उभ्या! त्यांनी त्याला बघितलं, जवळ बोलावलं नाही, पण सरकून सावलीत जागा केली.

फ्लेक्स फडफडत खाली आला. त्या दोघांतला एक, लातूरकडचा, नागोराव नावाचा, त्याची घडी घालता घालता थांबला. असला फ्लेक्स म्हणजे त्या लोकांना सोनंच, झोपडीवर टाकला की वर्ष-दोन वर्षं बघायला नको. वेणूबाई एकटक त्या चित्राकडे बघतायत हे त्यानं हेरलं. ह्याच त्या घरच्या, हे त्याला कोणीतरी सांगितलेलं असावं. तो पुढे आला.

"मावशी, ह्यो आमी न्यावा का? घरावर टाकाया."

वेणूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला काय इचारतूस? घर माजं हाय. फोटू ह्यांचा हाय. ह्यांला इचार."

ज्या गोष्टीवरून साऱ्या शहरानं दशरथची टवाळी केली, ती ही शेळ्या राखणारी बाई भर चौकात, वाहनांच्या आवाजावर आवाज काढून सांगत होती. त्यानं कसाबसा हात हलवला. "न्या, न्या."

"आसं तोंडी न्हाय!" वेणूबाई कडाडल्या. "तोंडी बोललं की काय हुतं ते बगितलंय. कागूद करा."

नागोराव घाबरून दोघांकडे बघायला लागला. दशरथनं खरंच पिशवीतून कागद काढला आणि स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहिला: जागा, नागोरावांचे घर. वापर, छपरासाठी. मुदत, फाटेपर्यंत. नागोरावानं बिचकत बिचकत अंगठा उमटवला. वेणूबाईंनी तो कागद मोठ्यानं वाचायला लावला, आणि ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आन् नाव? तुमचा नेम हाय ना, लागंल तितं नाव पायजे?"

"आजी, ह्यावर नको," दशरथ म्हणाला. "हा माझा फोटो राहिला नाही. माझ्या फोटोत मायक्रोवेव्ह नव्हता."

"येवढंच ना?" बाईंनी नागोरावाच्या कमरेचा विळा मागून घेतला, रस्त्याच्या कडेला फ्लेक्सवर उकिडव्या बसल्या, आणि टोकाचा तो मायक्रोवेव्ह उभाच्या उभा कापून बाजूला केला. राहिला तो ओटा, जाळी आणि ऊन. "आता तुमचा हाय का?"

दशरथनं मान हलवली. सीडीवर नाव घालायचं जाड काळं पेन त्यानं खिशातून काढलं आणि गुडघे टेकून, पसरलेल्या उन्हाच्या खाली, हाताएवढ्या अक्षरांत लिहायला घेतलं: छायाचित्र, दशरथ भोयर. वेणूबाई वर उभ्या राहून सांगत होत्या, आजून मोटं काढा, छपरावर हाय, लांबून दिसाया पायजे.